गाडी सुरू न करण्याचा कार्यक्रम

आमची फियाट जुन्या जमान्यातली, गोल पाठीची. मुंबईकडे या मॉडेलला सरळ 'डुक्कर फियाट' म्हणतात. आजी होती तोवर तिला हा शब्द खपायचा नाही. ती 'वराह' म्हणायची. म्हणजे निदान दशावतारात तरी जागा मिळाली. तर या वराहाचं १०८९ सीसीचं इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात आठ महिने खोललेल्या अवस्थेत पडून होतं. सिलिंडर बोअर झाले, क्रँक म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा घासला, नव्या रिंगा, नव्या बेअरिंगा, व्हॉल्व्ह उघडणारा नवा कॅम. एकदाचं इंजिन बांधून झालं, गाडीत बसलं आणि आनंदाच्या भरात मी गल्लीभर सांगून बसलो, की रविवारी सकाळी नऊला गाडी सुरू करणार.

शनिवारी रात्री मेस्त्रींचा फोन आला.

"कुणाला सांगिटलं न्हाई न्हवं?"

"का हो?"

"उद्या गाडी सुरू न्हाई करायची. उद्या नुसतं ऑइल चढवायचं."

आता पन्नास माणसांना घरोघर जाऊन 'उद्या गाडी सुरू न करण्याचा कार्यक्रम आहे, अवश्य यावे' असं कसं सांगणार? गप्प बसलो. बायकोने पोहे भिजवायची तयारी आधीच केली होती.

मेस्त्रींचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. क्रँक बेअरिंगवर टेकून फिरत नाही, तो तेलावर तरंगतो. दोघांमधली फट साधारण दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश. डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. पंप त्या फटीत दाबाने ऑइल भरत राहतो, म्हणून धातूला धातू लागत नाही. रोजची गाडी रात्रभर उभी राहिली तरी थोडं तेल आत चिकटून असतं. नव्याने बांधलेलं इंजिन मात्र कोरडं ठणठणीत. बांधताना बोटाने चोपडलं असेल तेवढंच. तसंच सुरू केलं, की ऑइल वर पोचायच्या आत बेअरिंग घासून जाम व्हायला वेळ लागत नाही. मग पुन्हा उद्यमनगर, पुन्हा आठ महिने.

आणि ऑइल आपणहून वर जात नाही, ही खरी मेख. ऑइलचा पंप म्हणजे खाली चेंबरमध्ये, इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, एकमेकांत गुंतलेली दोन दातेरी चाकं. ती कोरडी असली, की नुसती हवा घुसळतात. मेस्त्री म्हणाले, "विहिरीवरची मोटर कधी बघितलाय का? पाणी उतरलं की कितीबी फिरवा, हवाच. मग वरनं पाणी ओतायचं. फूटव्हॉल्व्ह गळत असला तर शेणकाला सोडायचा. तसंच हे." आमच्या पंपाचा शेणकाला म्हणजे पेट्रोलियम जेली. थंडीत ओठाला लावतात तीच. इंजिन बांधतानाच मेस्त्रींनी ती पंपात गच्च भरली होती, म्हणजे चाकांतल्या फटी बुजतात आणि पंप पहिल्या फेऱ्यापासून ऑइल ओढतो. ऑइल गरम झालं की जेली त्यातच विरघळते. ग्रीस भरलं तर ते विरघळत नाही, नळीत जाऊन बसतं. बायकोची हिवाळ्याची बाटली गेल्या महिन्यात कुठे गायब झाली, याचा तपास अजून चालू आहे. कृपया हा लेख तिला दाखवू नये.

मी मात्र मोबाइलवर अभ्यास करून आलो होतो. अमेरिकेत जुन्या व्ही-एट इंजिनांचा डेल्को, म्हणजे प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, काढतात, त्या भोकातून लांब दांडा घालून ड्रिल मशीनने थेट पंपच फिरवतात आणि दोन मिनिटांत प्रेशर येतं. मी हौसेने ड्रिल मशीन आणून ठेवलं होतं. मेस्त्रींनी ते हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. देवघरात फळी ठोका." मग डिकीतून इंजिन हाताने फिरवायचं हँडल काढलं.

रविवारी नऊ वाजता गल्ली हजर. चारही प्लग काढलेले, म्हणजे कॉम्प्रेशन नाही आणि हँडल हलकं फिरतं. चेंबरमध्ये नवं ऑइल भरलेलं. इंजिनच्या कडेला ऑइल प्रेशरचा स्विच असतो, तो काढून त्या भोकातून मेस्त्रींनी नरसाळं आणि नळी लावून आणखी पावशेर ऑइल आत सोडलं, पूर्वजांना पाणी सोडावं तितक्या श्रद्धेने. मग म्हणाले, "फिरवा."

मी फिरवलं. वीस फेरे झाले, तीस झाले. इंजिन आतून मऊ 'च्यक च्यक' करत होतं आणि बाकी काहीही घडत नव्हतं. प्रेक्षकांना याची कल्पनाच नव्हती. पन्नासाव्या फेऱ्याला शेजारचे काका पुढे आले. एसटीतून रिटायर झालेले, त्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा अधिकार चालतो. अकराला साखरपुड्याला जायचं म्हणून पांढराशुभ्र लेंगा आणि कडक इस्त्रीचा झब्बा. "अहो, पेट्रोल आहे का?" मी म्हणालो, पेट्रोल मुद्दामच बंद ठेवलंय. "प्लग?" तेही काढलेत. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू चूल न पेटवता मी भात ढवळत बसलोय. "मग सुरू कशी होणार?"

"सुरू करायचीच नाही, काका."

हे वाक्य गर्दीत मागे मागे पोचत गेलं आणि तिकडून हशा पुढे पुढे येत गेला. "उतारावर ढकला," कुणीतरी म्हणालं. पोहे आले.

सत्तर फेऱ्यांनंतर माझे खांदे माझे राहिले नाहीत. मेस्त्री म्हणाले, आता सेल्फ मारा, पण दहा-दहा सेकंदच. जास्त मारलं तर सेल्फ तापतो, बॅटरी उतरते. मी आत जाऊन बसलो. माझं काम एकच: डॅशबोर्डवरच्या तांबड्या दिव्याकडे बघणं. प्रेशर नसलं की हा दिवा पेटतो आणि प्रेशर आलं की विझतो. लोडशेडिंगमध्ये दिवा येण्याची वाट बघत मोठा झालेला माणूस मी. दिवा जाण्यासाठी नवस बोलायची पहिलीच वेळ होती. दहा सेकंद मारला. दिवा ढिम्म. थांबलो, पुन्हा मारला. ढिम्म. काका बॉनेटखाली पूर्ण वाकून मेस्त्रींना एसटीच्या डिझेल इंजिनांबद्दल सांगत होते.

तिसऱ्यांदा सेल्फ मारला आणि बाहेर आरडाओरडा झाला.

ते स्विचचं भोक. ते बंद करायचं राहून गेलं होतं. पंपाने अखेर ऑइल ओढलं आणि ते आतल्या वाटांनी धावत सुटलं ते समोर पहिलं जे दार उघडं दिसलं तिथून बाहेर. मधासारख्या रंगाची, बोटाएवढी धार, सेल्फच्या ठेक्यावर उड्या घेत, थेट काकांच्या लेंग्यावर.

मेस्त्री नाचायला लागले. "आलं! आलं!" नवीन विहिरीला झरा लागावा तसा चेहरा. त्यांनी धारेत बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, उन्हात धरून बघितलं. "बघा, एक कण न्हाई!" काकांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी आतून ओरडत होतो, "दिवा गेला नाही हो, अजून पेटलाय!" आणि सेल्फ मारतच होतो, कारण मला बॉनेटपलीकडचं काही दिसत नव्हतं. बायकोने काच ठोठावली तेव्हा थांबलो.

दिव्याचं रहस्य नंतर कळलं. स्विच काढल्यावर त्याची मोकळी वायर इंजिनच्या लोखंडावर पडली होती. तो स्विच करतो काय, तर प्रेशर नसताना त्या वायरला अर्थिंग देतो. वायर स्वतःच लोखंडाला टेकलेली म्हटल्यावर प्रेशर शंभर पौंड झालं असतं तरी दिवा जन्मात विझला नसता. मी पाऊण तास जिच्याकडे डोळे लावून बसलो होतो, ती मुळात खोटी साक्ष होती.

स्विच बसवला, वायर लावली, वरचं टॅपेट कव्हर उघडं ठेवून पुन्हा सेल्फ मारला. मेस्त्रींनी मला बाहेर बोलावून दाखवलं. रॉकरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीच्या, एकेका टोकाशी ऑइलचा थेंब फुगत होता आणि सावकाश ओघळत होता. शेवटचा रॉकर जरा रुसला होता, त्यालाही आला. आत जाऊन बघतो तर दिवा आधी मिणमिणला, मग गेला.

टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. पोहे संपताच गल्ली पांगली होती. दुपारी दोनला प्लग लावले, पेट्रोल सोडलं आणि दुसऱ्याच सेल्फला गाडी सुरू झाली. नवा कॅम असल्यामुळे आयडलवर ठेवायची सोय नाही. वीसेक मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास चढवूनच ठेवावी लागते, म्हणजे कॅमवर भरपूर ऑइल उडतं. आमच्या गाडीला आरपीएम मीटर नाही, मेस्त्रींचा कान आहे. ऐन वामकुक्षीच्या वेळी वीस मिनिटं तो आवाज गल्लीत घुमत राहिला. एक खिडकी उघडली. काका. अंगात बनियन, दुसरा लेंगा.

"काय, सुरू न करण्याचा कार्यक्रम अजून चालूच का?"