हिरव्या स्मूदीने मुतखडा विरघळत नाही

गेल्या रविवारी मावशीचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "अगं, बारा दिवस झाले, मी आणि काका रोज पहाटे हिरवी स्मूदी घेतोय. 40 दिवसांचं आहे. खडा विरघळतो म्हणे त्याने." मावशीला मुतखडा दोनदा झालाय. दुसऱ्यांदा तो लेझरने फोडावा लागला होता. काका दोन वर्षांपासून रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. दोघं रोज काय पितायत ते ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

तिने मेसेज पाठवला तेव्हा लक्षात आलं की हा तर माझ्याकडेही तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून येऊन पडलाय. मी तो न वाचताच पुढे गेले होते. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा: रोज पहाटे रिकाम्या पोटी 200 ग्रॅम कच्चा पालक, एक केळं आणि ग्लासभर पाणी मिक्सरमधून काढून प्या. पालक शिजवू नका, त्याचं सत्त्व मरतं. धुऊ नका, सत्त्व वाहून जातं. दूध-दही चुकूनही घालू नका, पोटात विष तयार होतं. 40 दिवसांत मुतखडा विरघळेल, किडनी धुऊन निघेल, पानांतल्या हरितद्रव्याचं रक्त बनेल, आणि "हळूहळू गोळ्या बंद करता येतील". खाली हात जोडलेले आणि "किमान दहा जणांना पाठवा".

मुतखड्यापासून सुरुवात करते, कारण इथे हा मेसेज नुसता चुकीचा नाही, तो थेट उलटा आहे.

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ऑक्झलेट हे वनस्पतींमध्ये असणारं एक संयुग. ते कॅल्शियमला भेटलं की त्याचे न विरघळणारे स्फटिक होतात. लघवीत असे स्फटिक साचत गेले की खडा होतो. आणि रोज खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांमध्ये ऑक्झलेटच्या बाबतीत पालक अगदी वरच्या रांगेत आहे. 100 ग्रॅम कच्च्या पालकात ते साधारण 600 पासून 1000 मिलिग्रॅमच्या आसपास निघतं. जात, पानाचं वय, जमीन यांप्रमाणे आकडा बदलतो. म्हणजे मेसेजमधल्या 200 ग्रॅममधून एक ते दोन ग्रॅम. ज्यांना खडे होतात त्यांना दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या आत, कधीकधी 50च्याही आत राहायला सांगतात. मावशी एका ग्लासात त्याच्या दहा-वीस पट पीत होती, तेही खडा जावा म्हणून. रोज, बारा दिवस.

मिक्सरने हे आणखी सोपं होतं. 200 ग्रॅम कच्चा पालक चावून खायला बसलं तर जबडा दुखेल, अर्ध्यावर नको वाटेल. वाटला की तोच पालक चार मिनिटांत घशाखाली जातो. पालकाची भाजी खाणाऱ्या माणसाला जो त्रास क्वचित होतो, तो रोजच्या स्मूदीवाल्याला होऊ शकतो, ते यामुळेच.

"नैसर्गिक आहे, त्याने काय होणार?" असं मावशीने मला विचारलं. काय होऊ शकतं ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं आहे. 2018 साली अमेरिकन जर्नल ऑफ किडनी डिसीजेसमध्ये एका 65 वर्षांच्या बाईंची हकिगत प्रसिद्ध झाली. त्यांच्या किडन्या आधी व्यवस्थित चालत होत्या. शरीरशुद्धी म्हणून त्यांनी ऑक्झलेट भरपूर असलेल्या हिरव्या पालेभाज्यांचा आणि फळांचा रस घ्यायला सुरुवात केली. किडनीच्या बारीक नलिकांमध्ये ऑक्झलेटचे स्फटिक अडकले, किडनी अचानक बिघडली, आणि ती पुन्हा सावरली नाही. किडनी पूर्ण निकामी होण्यापर्यंत गोष्ट गेली.

या बाईंच्या बाबतीत दोन गोष्टी जास्तीच्या होत्या, आणि त्या लपवणं मला बरोबर वाटत नाही. त्यांची पूर्वी वजन कमी करण्यासाठी पोटाची बायपास शस्त्रक्रिया झालेली होती, आणि नुकताच अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्स झाला होता. अशा शस्त्रक्रियेनंतर चरबी नीट पचत नाही. न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम धरून ठेवते आणि ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात शिरतं. अँटिबायोटिकने आतड्यातले ऑक्झलेट खाणारे जिवाणू मरतात. तेव्हा धडधाकट माणसाने एकदा पालकाची स्मूदी प्यायली तर किडनी जाईल, असं मी अजिबात म्हणत नाही. पण दहा जणांना पाठवलेला मेसेज त्या दहांपैकी कुणाचं कसलं ऑपरेशन झालंय, कोण अँटिबायोटिक घेतंय, कुणाला खडा होऊन गेलाय, हे विचारत नाही. मावशीला तरी कुठे विचारलं?

यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. काही खडे खरोखर विरघळतात. युरिक आम्लाचे खडे लघवी कमी आम्लधर्मी केली की विरघळू शकतात, आणि डॉक्टर त्यासाठी सायट्रेटची औषधं देतात. लिंबाच्या रसातलं सायट्रेट कॅल्शियमचे खडे बनायला अडथळाही करतं. "हिरवं म्हणजे अल्कलाइन, अल्कलाइन म्हणजे खडा विरघळणार" ही उडी बहुधा इथूनच मारलेली आहे. पण कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार झालेला खडा असा विरघळत नाही, आणि मावशीचा खडा त्याच जातीचा होता. तिच्या जुन्या रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यावर आणखी ऑक्झलेट ओतणं हा कुठल्याच अर्थाने उपाय होत नाही.

आता काका. मेसेजमधलं "गोळ्या बंद करता येतील" हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. काका वॉरफरिन घेतात. हे औषध शरीरातल्या व्हिटॅमिन केचं काम अडवतं आणि त्यामुळे रक्त सहज गोठत नाही. पालकात हेच व्हिटॅमिन के ठासून भरलेलं असतं, 100 ग्रॅममध्ये साधारण 480 मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला 90 ते 120 पुरतं. 200 ग्रॅम पालक म्हणजे गरजेच्या आठ-दहा पट, रोज पहाटे. गोळी तीच, मात्रा तीच, पण समोरून एवढं व्हिटॅमिन के आलं की तिचा जोर कमी पडतो आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका परत येतो. इथे नीट ऐका: वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या सोडायच्या नसतात. रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं असतं, कारण डॉक्टर त्या प्रमाणावर गोळीची मात्रा बसवतात. अचानक वाढवणं वाईट, आणि घाबरून अचानक बंद करणंही वाईट. म्हणून मी काकांना फोनवर "आजपासून बंद करा" असं सांगितलं नाही. आधी डॉक्टरांना फोन करा आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासा, एवढंच सांगितलं.

किडनीचा आजार असलेल्यांसाठी पोटॅशियमचाही मुद्दा आहे. पालक आणि केळं दोन्ही पोटॅशियमचे. ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम मोजून खायला सांगितलंय त्यांनी हा ग्लास हातात घेऊ नये.

"किडनी धुऊन निघते." किडनी दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळते आणि त्यातला जवळजवळ सगळा परत शरीरात घेते. धुण्याचं काम ती स्वतः, न सांगता, रात्रंदिवस करत असते. तिला पाणी लागतं. ते साधंही चालतं.

"हरितद्रव्याचं रक्त बनतं." हरितद्रव्याच्या रेणूचा सांगाडा आणि रक्तातल्या हीमचा (हिमोग्लोबिनमधल्या लोह असलेल्या भागाचा) सांगाडा यांत साम्य आहे, हे खरं. हान्स फिशर यांना 1930चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते हीमिन आणि हरितद्रव्य या दोन्हींच्या रचनेवरच्या कामासाठी. पण एकाच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, दुसऱ्याच्या मध्यभागी लोह, आणि एकाचं दुसरं करण्याची सोय आपल्या शरीरात नाही. हिमोग्लोबिन वाढायला लोह लागतं. पालकात ते 100 ग्रॅमला 2.7 मिलिग्रॅमच्या आसपास आहे, आणि त्यातलं थोडंच अंगी लागतं. सोबत लिंबू किंवा संत्र्यासारखं काही घेतलं तर जरा जास्त लागतं. मेसेजमध्ये नेमकं तेच नाही.

"धुऊ नका." हे वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. पानाचं सत्त्व पानाच्या आत असतं, वाहत्या पाण्याखाली मिनिटभर धरल्याने ते जात नाही. बाहेर असते ती माती, फवारणीचे अवशेष आणि जिवाणू. 2006 साली अमेरिकेत पाकीटबंद कच्च्या पालकातून ई. कोलाय या जिवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ पसरली. सुमारे 200 लोक आजारी पडले, तिघं दगावले. पालेभाजी पिकताना जनावरांच्या शेणाशी, दूषित पाण्याशी संबंध आला की असं होऊ शकतं, आणि कच्चं खाताना ते मारायला आचही नसते. धुण्याने सगळे जिवाणू जात नाहीत हे मान्य, म्हणून लहान मुलं, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्च्या पानांची स्मूदी टाळलेली बरी. पण म्हणून धुऊच नका?

"शिजवू नका." अर्धं खरं. उकळल्यावर व्हिटॅमिन सी आणि फोलेट पाण्यात उतरतं, काही उष्णतेने जातं. पण त्याच पाण्यात ऑक्झलेटही उतरतं. वेगवेगळ्या भाज्यांवर केलेल्या मोजमापांत उकळल्यामुळे पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट 30 ते 87 टक्के कमी झालेलं दिसलं आहे. वाफवल्याने त्यामानाने कमी जातं. काय वाचवायचं आणि काय घालवायचं, ते ज्याच्या त्याच्या तब्येतीवर ठरेल. उकळलेलं पाणी मात्र ओतून द्यायचं, स्मूदीत नाही घालायचं.

"दही घातलं तर विष." इथेही मेसेज उलटा आहे. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच पकडतं, आणि ती जोडी रक्तात न शिरता शौचावाटे निघून जाते. खडे होणाऱ्यांना डॉक्टर जेवणासोबत कॅल्शियम घ्यायला सांगतात ते याचसाठी. शिवाय पालकातलं डोळ्यांना उपयोगी असणारं ल्युटिन चरबीत विरघळतं. स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की पालक कच्चाच बारीक वाटून दूध-दह्यासारख्या स्निग्ध पदार्थात मिसळला तर ल्युटिन जास्त मोकळं होतं. कच्चा पालक मिक्सरमध्ये वाटण्याच्या बाजूने बोलणारी एवढी एक चांगली गोष्ट आहे, आणि ती मिळवायची तर मेसेजने ज्याला विष म्हटलंय तेच घालावं लागतं.

पहाटे आणि रिकाम्या पोटी याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हवं तेव्हा प्या. मात्र ज्यांना ऑक्झलेटची काळजी आहे त्यांनी रिकाम्या पोटापेक्षा खाण्यासोबत घेतलेलं बरं, कारण वर दिलंय.

हे सगळं वाचून कुणी स्मूदी सोडू नये. मी स्वतः आठवड्यातून तीनदा करते. मूठभर पालक, म्हणजे साधारण 30 ग्रॅम, दोन-तीन पाण्यांतून धुऊन. पानं आणि वाटीभर दही आधी नुसतंच फिरवायचं, पान अगदी बारीक होईपर्यंत. सगळं एकदम टाकलं तर दाताखाली तुकडे येतात आणि रंगही मळकट दिसतो. मग अर्धं सफरचंद सालासकट, थोडी काकडी, लिंबू पिळून, लागेल तसं पाणी. गाळायचं नाही, चोथ्यासाठीच तर करायची. साखर किंवा मध नको, सफरचंदाची गोडी पुरते. पालक रोज नाही, आलटून पालटून लेट्यूस किंवा केल (कोबीच्या कुळातली एक पालेभाजी). या दोन्हींत ऑक्झलेट फार कमी असतं. केलमध्ये व्हिटॅमिन के मात्र भरपूर आहे, त्यामुळे काकांसाठी केलही विचारल्याशिवाय नाही.

मावशीला मी लेट्यूस, काकडी आणि दह्याची करून दाखवली. "हिरवी कुठे आहे ही? फिकट आहे," ती म्हणाली, पण प्यायली. तिची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात आहे. काकांचा आयएनआर काल आला. हवा त्यापेक्षा खाली आहे, आणि डॉक्टरांनी पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा तपासायला बोलावलंय. मेसेज मावशीने ज्या नऊ जणांना पाठवला होता त्या सगळ्यांना ती आता स्वतः फोन करतेय. कालपर्यंत सहा झाले होते.