जिप्सीला ३१ इंची टायर: ‘टायर वाढला तेवढा रेशो वाढवा’ हे गणित कुठे फसतं

मारुती जिप्सीवाल्यांमध्ये एक सल्ला बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: ‘३१ इंची टायर टाकायचे तर डिफचं क्राउन-पिनियन बदला. टायर जितके टक्के वाढला तितके टक्के रेशो वाढवा; थोडा जास्तच घ्या, जास्त तेवढा चांगला. फोर-व्हील लागतं कितीसं, मागचं एक बदललं तरी भागतं. ॲव्हरेजही सुधारतं. एका दिवसाचं काम आहे.’ (डिफ म्हणजे शाफ्टची फिरकी दोन चाकांना वाटणारा डिफरन्शियल, क्राउन-पिनियन म्हणजे त्यातले मोठा आणि छोटा गिअर, आणि रेशो म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियन किती फेरे घेतो तो आकडा.)

यातलं टक्क्यांचं विधान अर्धं खरं आहे. बाकीची खिशाला आणि गाडीला महाग पडतात.

‘जितके टक्के टायर, तितके टक्के रेशो’

सूत्र बरोबर आहे, पण त्यात घालायचे आकडे लोक टायरवर वाचून घेतात. जिप्सीच्या २०५/७० आर१५ टायरचा व्यास कागदावर ६६८ मिमी येतो, ३१ इंची म्हणजे ३१×१०.५० आर१५ चा ७८७. पण गाडीच्या वजनाखाली रेडियल टायर बसतो आणि एका फेऱ्यात कागदी परिघापेक्षा साधारण तीन टक्के कमी अंतर कापतो. जुन्या जिप्सीला एफ७८-१५ असेल तर त्या आकड्यात व्यास लिहिलेलाच नसतो. मग ‘आधी किती होता’ हेच ठाऊक नसताना टक्के कशाचे काढणार?

त्यापेक्षा मोजा. रोजची हवा भरा आणि गाडी सपाट फरशीवर घ्या. टायरवर आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खडूची रेघ ओढा. गाडी सरळ ढकलत पाच फेरे पूर्ण करा, अंतर टेपने मोजा आणि पाचाने भागा. नवे टायर घेण्याआधी तोच टायर लावलेल्या दुसऱ्या गाडीवर हेच करता येतं.

आता डिफचा रेशो. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना देणारी पेटी) टू-हायवर, म्हणजे फक्त मागची चाकं आणि वेगाचा गिअर, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि ते बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून डिफपर्यंतचा दांडा) जितके फेरे घेईल तो तुमचा रेशो. चाक दोन फेरे का, तर दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असताना क्राउन निम्माच फिरतो. चारला थोडे कमी फेरे आले तर दात ४३ आणि ११, म्हणजे ३.९०९ असण्याची शक्यता मोठी. पुढचा हिशेब तोच धरून केला आहे. गिअरबॉक्सचे आकडे पहिल्याला ३.६५२, पाचव्याला ०.७९५, ट्रान्सफर केसचे हायला १.४०९, लोला (सावकाश पण जोराच्या गिअरला) २.२६८.

जुना टायर फेऱ्याला २.०४ मीटर, नवा २.४० मीटर निघाला असं समजा. वाढ १७.६ टक्के. ताशी ८० किमीला पाचव्यात इंजिन आधी सुमारे २,८६० आरपीएमवर होतं, आता २,४३० वर येईल. १.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनाला एवढ्यावर जोर नसतो. खंबाटकीत पाचवा टिकणार नाही. पण चौथ्यात हीच गाडी ८० ला ३,०६० वर असते, म्हणजे जुन्या पाचव्याच्या जवळपास. गाडी बहुतेक वेळ डांबरीवरच असेल तर चौथ्यात चालवा आणि पैसे वाचवा. खरं दुखणं दुसऱ्या टोकाला आहे: चढावर गाडी उचलताना आणि दगडांत. तिथे पहिल्याच्या खाली गिअर नाही, म्हणून हाफ क्लच होतो आणि क्लचप्लेट जळते.

‘डिफचंच बदला, जास्त तेवढं चांगलं’

मूळ चूक इथे आहे. हा सल्ला बहुधा अशा जीपांवरून उचलला आहे, ज्यांच्या ट्रान्सफर केसचा हाय रेशो १:१ असतो. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही, मध्ये एक आखूड शाफ्ट आहे, आणि हायमध्येही तो १.४०९ ने गिअर कमी करतो. त्याच्या आतले गिअर बदलले की हाय आणि लो दोन्ही बदलतात, तेही पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना सारखेच.

अमेरिकेतले सामुराईवाले (सुझुकी सामुराई ही जिप्सीचीच भावंड) साइडकिक-ट्रॅकर या गाड्यांचे ५.१२५ चे क्राउन-पिनियन जुळवून घेतात. त्यांच्याकडेच ट्रान्सफर केससाठी ४.१६ चा गिअरसेट मिळतो. त्यात लो ४.१६ आणि हाय १.५८ च्या आसपास होतो. दोन्ही वाटा २.४० मीटरच्या टायरवर ताडून बघू.

दोन्ही डिफ ५.१२५ केले तर ८० ला पाचव्यात ३,१९० आरपीएम, कंपनीच्या गाडीपेक्षाही जास्त. हायवेला इंजिन ओरडत राहणार. पहिला गिअर फोर-लोमध्ये (चारही चाकं, लो गिअर) एकूण ४२.४, म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफ यांच्या रेशोंचा गुणाकार; टायरच्या वाढीने, १.१७६ ने, भागलं तर जुन्या हिशेबात ३६. कंपनीची गाडी ३२.४ वर होती. एवढा खर्च करून पदरात काय, तर चार.

ट्रान्सफर केसमध्ये ४.१६ चा सेट घातला आणि डिफ ३.९०९ च ठेवले तर ८० ला २,७३० आरपीएम. पहिला लो ५९.४, जुन्या हिशेबात ५०. दगडांत गाडी माणसाच्या चालीने उतरते, ब्रेकवर पाय ठेवावा लागत नाही.

याचीही किंमत आहे. ट्रान्सफर केसच्या पुढे जे काही आहे, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्यांचे क्रॉस (टोकांचे सांधे), पिनियन, पुढच्या चाकातले जॉइंट, त्या सगळ्यांवर फोर-लोमध्ये जवळजवळ दुप्पट ताण येतो. ट्रान्सफर केसची माउंटिंग रबरं आधी फाटतात. ती त्याच वेळी नवी टाका. डिफ बदलण्याच्या बाजूने हा एकच दमदार मुद्दा आहे: तिथे ताण अगदी शेवटी वाढतो, प्रोपेलर शाफ्ट वाचतात. पण ५.१२५ म्हणजे ४१ ला ८ दात. त्याच घेराच्या क्राउनसमोर पिनियन आणखी बारीक होतो आणि एका वेळी कमी दात भार घेतात. म्हणजे ‘जास्त तेवढा चांगला’ नव्हे, जास्त तेवढा नाजूक.

सेट मागवण्याआधी आपला ट्रान्सफर केस उघडा आणि शाफ्टचे स्प्लाइन (त्यावरच्या उभ्या खाचा) मोजून ताडून बघा. जिप्सीचे फरक वर्षागणिक आहेत. ‘सगळ्यांना बसतो’ हे विकणाऱ्याचं वाक्य आहे.

‘मागचं एक बदललं तरी भागतं’

नाही. जिप्सीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नाही. फोर-व्हील लागलं की दोन्ही एकमेकांना घट्ट बांधलेले. मागे ५.१२५ आणि पुढे ३.९०९ म्हणजे पुढची चाकं ३१ टक्के जास्त वेगाने फिरायला बघणार. टू-व्हीलमध्ये काहीच कळत नाही. मग एके दिवशी चिखलात गाडी अडकते, लिव्हर ओढली जाते, आणि कोरडी जमीन लागताच टायर खरडतात, नाहीतर जॉइंट जातो.

‘ॲव्हरेज सुधारतं’

स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर चालते, चाकावर नव्हे. नुसते टायर वाढवले तर खऱ्या ८० ला काटा ६८ दाखवतो. शंभर किलोमीटर नोंदले जातात तेव्हा गाडी ११७ च्या पुढे गेलेली असते, म्हणून ‘ॲव्हरेज पडलं’ ही ओरड. त्यावर ५.१२५ बसवला की उलट होतं: मीटर सुमारे ११ टक्के जास्त पळतो आणि ॲव्हरेज ११ टक्के ‘सुधारतं’. पेट्रोल काही कमी जळत नाही. ट्रान्सफर केसचे आतले गिअर बदलल्याने मीटर बिघडत नाही. तिथे फक्त टायरची चूक उरते.

‘एका दिवसाचं काम’

ट्रान्सफर केस इंजिन-गिअरबॉक्सला हात न लावता खाली उतरतो, त्यामुळे तो होतो एक-दोन दिवसांत. क्राउन-पिनियन मात्र घाईचं काम नाही, आणि इथे दोन डिफ आहेत.

पिनियनची खोली शिमने (पातळ चकतीने) ठरते, क्राउनचा बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) बाजूच्या आट्यांच्या रिंगांनी. दातांना शेंदूर-तेल किंवा मार्किंग पेस्ट लावा, क्राउनवर थोडा अडसर ठेवून पिनियन दोन्हीकडे फिरवा आणि ठसा बघा. ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत आहे, शिम पातळ करा. टोकाशी उमटला तर जाड. ठसा दाताच्या मध्यावर येईपर्यंत पिनियन काढा-घाला चालूच. डायल गेज (बारीक ढिलाई मोजणारं काट्याचं मापक) नसेल तिथे हे काम देऊ नका. ‘हाताला बरोबर लागतंय’ म्हणणारा मिस्त्री शंभर-दोनशे किलोमीटरवर डिफची शिट्टी ऐकवतो.

पिनियनचा नट आवळताना आतली स्लीव्ह दबते आणि त्यावर बेअरिंगचा ताण ठरतो. नट जास्त आवळला गेला तर तो मागे फिरवून चालत नाही. स्लीव्ह पुन्हा फुगत नाही. ती फेकून नवी घालायची. बहुतेक गॅरेजमध्ये स्लीव्ह एकच मागवलेली असते, म्हणून दोन-तीन आधीच आणून ठेवा. तेल जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९०, फिलरच्या काठापर्यंत. पहिल्या दिवशी वीस-तीस किलोमीटर सावकाश चालवा आणि हाउसिंग पूर्ण थंड होऊ द्या. असं तीन-चारदा करा. पाचशे किलोमीटरला तेल काढा. ते तेल उन्हात धरून बघा: बारीक चंदेरी चमक नव्या दातांची आहे, पण बोटाला कण लागले तर डिफ पुन्हा उघडावा लागेल.