शुभ्रेची पाठ

होडीचं नाव 'शुभ्रा' ठेवायची हौस मामांची. रंगही पांढराफेक. डिझेल इंजिनाला मात्र कोणी विचारलं नव्हतं. गोव्यातल्या बेतीहून शिकेरीपर्यंत पाव्हण्यांना डॉल्फिन दाखवून यावं, तोवर मागच्या फळीवर अशी काजळी धरलेली असे की नावातला 'शु' गडप.

मालीम जेटीवर सल्ला फुकट, आणि बहुधा मासळीपेक्षा ताजा. कोणी डिझेलात भेसळ म्हणे, कोणी दृष्ट. नखशिखांत काळवंडलेल्या ट्रॉलरचा तांडेल म्हणाला, "काळा धूर म्हणजे इंजिनात दम आहे!"

शेवटी मेस्त, म्हणजे इंजिनाचा मिस्त्री, आला. हत्यारांची पेटी न उघडताच त्याने फळीवर बोट ओढलं, चिमटीत चोळलं. "कोरडी आहे. ऑइल जळत असतं तर चिकट लागली असती. डिझेलला हवा पुरत नाही, बाब."

एअर फिल्टर स्वच्छ निघाला, डिझेल फवारणारं नोझलही ठीक. मग त्याने विचारलं, "बूड कधी खरवडलंत?" मी मामांकडे पाहिलं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत ट्रॉलरवाले बुडं खरवडतात, रंगवतात. मामांचं म्हणणं, आपण मासे धरत नाही, मग आपल्याला कसली बंदी!

ओहोटीला होडी चिखलात टेकली आणि तिला ढकलणारा पाण्याखालचा पंखा दिसला. दिसला म्हणजे, शिंपल्यांच्या ढिगात कुठेतरी असावा. एवढं ओझं ओढताना इंजिनाचे फेरे चढत नाहीत, आपण रेस देत राहतो, पंप डिझेल ओततच राहतो. आत येणाऱ्या हवेत जेवढं जळतं तेवढं जळतं, उरल्याची काजळी. खरवडल्यावर धूर दिसेनासा झाला. फळीवर मात्र किंचित छटा उरलीच. होडी पुढे जाते तसा सपाट पाठीमागे हवेचा दाब उतरतो, धूर ओढला जातो. "त्याला मी काय करू," मेस्त म्हणाला आणि पैसे मोजून घेतले.

परवा पुन्हा डाग. पण बाजूला, आणि चिकट! शेजारच्या होडीला जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून टांगलेलं, पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारं इंजिन. त्यात लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल, म्हणजे ५०:१, पुरतं. मालक मात्र इंजिनाच्या पोषणासाठी बाटली सढळ हाताने उपडी करतो, आणि सगळा निळा धूर वाऱ्याबरोबर आमच्याकडे. मी त्याचंच ऑइल पुसत होतो, तेव्हा तो मायेने वाकून म्हणाला, "तुमच्या इंजिनाचं काहीतरी बघा हो. कोणी चांगला मेस्त पाठवू का?"