टाइमटेबल तेवढं झालंय बे!

सांख्यिकीच्या फायनल पेपरला अजून वीस दिवस असतील, तर आधी अभिनंदन. एवढा वेळ हातात असताना लगेच अभ्यासाला बसणं म्हणजे वेळेचा अपमान. सल्ला द्यायचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारेल. मी हा पेपर दोनदा दिलाय. एकाच दमात पास झालेल्यांचा अनुभव माझ्या निम्मा, तेव्हा त्यांचं काही ऐकू नका.

सुरुवात सोलापूरच्या नवी पेठेतून करायची. एक पांढरा चार्ट पेपर, चार रंगांची स्केचपेनं, फूटपट्टी आणि एक हायलायटर. दुपारी मात्र जाऊ नका. एप्रिलात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो आणि डोक्याला ऊन लागलं तर अभ्यास कोण करणार? संध्याकाळी सहानंतर निघा. येता येता पार्क चौकात काहीतरी खाणं ओघानं आलंच. असा पहिला दिवस तयारीत सार्थकी लागतो.

दुसऱ्या दिवशी चार्ट आखायला घ्या. उभे रकाने वीस. पट्टी सरकून एखादी रेघ वाकडी गेली, तर खाडाखोड न करता सरळ नवा कागद आणा, म्हणजे पुन्हा नवी पेठ. मध्य म्हणजे सरासरी, मध्यक म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, बहुलक म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा, या तिघांना हिरवा रंग द्या. विचलनाला, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याला, केशरी, सहसंबंधाला जांभळा. संभाव्यतेला लाल, कारण तिथं धोका आहे. पाचव्या युनिटला, म्हणजे त्या टी-टेस्ट वगैरे चाचण्यांना, रंग उरणार नाही. ते पेन्सिलीने लिहा. पेन्सिलीने लिहिलेलं खोडता येतं, ही सोय पुढे लागणार आहे.

एवढ्यात मित्राचा फोन येईलच.

“काय करूलालास बे?”

“टाइमटेबल तेवढं झालंय बे.”

“मग काय, निम्मं संपलं की!”

यात खोटं काहीच नाही. चार्ट भिंतीला लागला की छातीतली धडधड खरोखर कमी होते. अभ्यासाने जे समाधान मिळायचं ते अभ्यासाआधीच पदरात पडलं, तर पुन्हा त्याच समाधानासाठी पुस्तक उघडायचं म्हणजे एका वस्तूचे दोनदा पैसे मोजणं.

आमच्या घरी चार्ट लावायला मोक्याची जागा एकच होती, स्वयंपाकघराच्या दाराशेजारची. तिथं आजीचं कॅलेंडर होतं. नळाला पाणी आलं की आजी त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढायची. तिथी, एकादशी, दुधाचे खाडे आणि त्यात हे पाण्याचे गोल. मी कॅलेंडर काढून चार्ट लावायला गेलो तर म्हणाली, “त्याला हात लावू नको. चार दिवसाला पाणी येतंय म्हणत्यात महापालिकावाले, ते त्यांच्या कागदावर. माझे गोल बघ, मग कळतंय.” म्हातारीला सरासरी कुठं कळायची, असं मनात म्हणून मी चार्ट फ्रिजवर चिकटवला.

आता सरासरीचंच बघू. सांख्यिकीतला हा एकच भाग मनापासून शिका, घरच्यांसाठी फार उपयोगाचा आहे. समजा एकोणीस दिवस तुम्ही काहीच केलं नाही आणि विसाव्या रात्री चौदा तास डोळे ताणले. चौदा भागिले वीस म्हणजे ०.७ तास. वडिलांना बिनधास्त सांगा, “बाबा, रोज सरासरी ४२ मिनिटं अभ्यास केलाय.” गणित चोख आहे. त्या वीस आकड्यांचा मध्यकही शून्य येतो आणि बहुलकही शून्य, पण बाबा तेवढं खोलात जात नाहीत. गेलेच, तर ते सांख्यिकीत तुमच्यापेक्षा हुशार आहेत. मग पेपरला त्यांनाच पाठवावं.

पाच युनिटं, वीस दिवस, म्हणजे युनिटाला चार दिवस, हा हिशेबही असाच सरासरीचा. त्यात मामेबहिणीचं लग्न, वीज जाणं, कुणाच्या तरी घरी आमरस आणि कॅल्क्युलेटरचा सेल संपणं धरलेलं नसतं. धरूही नये. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी ३७ विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? विद्यार्थ्यांचा अंदाज सरासरी ३३.९ दिवसांचा निघाला. सगळंच बिनसलं तर? तर ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. गंमत बघा, सगळं बिनसल्याचा हिशेबसुद्धा आठवडाभराने कमी पडला. तेच प्रमाण तुमच्या वीस दिवसांना लावलं तर जवळपास तेहतीस होतात आणि पेपर एकविसाव्या दिवशी आहे. हा आकडा चार्टवर लिहू नका. चार्ट खराब दिसतो.

त्यापेक्षा इम्पॉर्टंट प्रश्न गोळा करा. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या पाच वर्षांचे पेपर आणि कुणा अज्ञात सीनिअरच्या हस्ताक्षरातली आयएमपीची यादी मिळतेच. ‘मालक, एक सेट द्या’ म्हटलं की झालं. मग कट्ट्यावर शास्त्रशुद्ध चर्चा करायची. क्वचित घडणाऱ्या घटनांचं ते प्वासाँ गेल्या वर्षी आलंय, म्हणजे यंदा येत नाही. एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज काढायचं समाश्रयण दोन वर्षं आलं नाही, म्हणजे यंदा पक्कं. नाणं लागोपाठ पाच वेळा छाप पडलं तरी सहाव्या खेपेला काट्याची शक्यता निम्मीच राहते, कारण नाण्याला आठवण नसते. हे वाक्य तुमच्याच पुस्तकात लाल रंगाच्या युनिटात आहे, म्हणून तर तिथं धोका म्हटलं. पेपर काढणाऱ्याला आठवण असते की नाही, यावर एक संध्याकाळ सहज निघते.

या चर्चेतून पाचातली दोन युनिटं ‘ऑप्शनला टाकायचं’ ठरतं. एक तर पेन्सिलवालं, ते तुम्ही आधीच अर्धं खोडलेलं असतं. आता मोठे प्रश्न दोन आहेत आणि ते कुठल्याही दोन वेगळ्या युनिटांवर येऊ शकतात असं धरा. दोन्ही तुमच्या तीन युनिटांतले निघण्याची संभाव्यता दहात तीन. निदान एक तरी तुमचा निघण्याची दहात नऊ. घरी कुठला आकडा सांगायचा हे मी सांगायला नको. “नव्वद टक्के तयारी आहे” म्हटलं की आई त्या दिवशी शेंगाचटणीवर दही जरा जास्तच घालते.

अभ्यासिकेत अवश्य नाव घाला. पंख्याखालची जागा हवी तर सकाळी सहाला वही ठेवून यावी आणि पुन्हा झोपावं. जागा तुमची, वही तुमची, तुम्ही नसलात म्हणून काय झालं? हजर असाल त्या दिवशी हायलायटरने वाचा. पान पिवळं झालं की ते डोक्यात गेलं असं समजायचं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवून लिहायच्या भानगडीत पडू नका. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये असाच प्रयोग केला. नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, स्वतःची परीक्षा घेतलेल्यांना आठवड्याने. पाच मिनिटांत जिंकता येत असताना आठवडाभर वाट कोण बघेल? शिवाय कोऱ्या कागदापुढे बसलं की आपल्याला काहीच येत नाही हे कळतं आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर असं मनोधैर्य खचवणं बरं नव्हे.

टी-टेस्टबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण त्या नावावरून दर तासाला चहाला उठता येतं. डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत गॉसेट नावाचा माणूस कामाला होता. हाताशी नमुने मोजकेच, मग थोड्या आकड्यांवरून खात्रीचं कसं बोलायचं, हा त्याचा रोजचा प्रश्न. त्यातून त्याने १९०८ साली जे लिहिलं, ज्यावर ही टी-टेस्ट उभी आहे, ते स्वतःचं नाव न घालता ‘स्टुडंट’ या टोपणनावाने. स्टुडंट म्हणवून घेऊन एवढं काम केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

नमुन्याचं शास्त्र तर आपल्या घरचंच. शितावरून भाताची परीक्षा. म्हणूनच पुस्तकातलं एक गणित वाचून ‘येतंय बे सगळं’ म्हणायला हरकत नाही. वरचं शीत शिजलेलं आणि तळाशी कच्चं, असं फक्त न ढवळलेल्या पातेल्यात होतं, आणि पहिलं गणित सोपं द्यायचं, ही पुस्तकाची पद्धत आपल्याला काय ठाऊक? ज्या पां. वा. सुखात्म्यांनी नमुना पाहणीवर जगभर वाचला गेलेला ग्रंथ लिहिला ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. अभिमान बाळगा. ग्रंथ वाचलाच पाहिजे असं नाही.

मध्येच एखादी संध्याकाळ सिद्धेश्वराला द्या. तळ्यातल्या वाटेने जाताना वारा लागतो, बरं वाटतं. इथं नवस बोलून पास झालेले तुम्हाला डझनभर भेटतील. नवस बोलून नापास झालेले भेटत नाहीत, ते हे सांगत फिरत नाहीत. तुमचा नमुना असा देवानेच निवडून दिलेला असतो.

आणि तरीही मन खात असेल, तर ‘उद्यापासून’ म्हणा. आपलं शहर त्या बाबतीत श्रीमंत आहे. मराठीत उद्या, कानडीत नाळे, तेलुगूत रेपु, एका गल्लीत तीन भाषांत अभ्यास पुढे ढकलता येतो. कर्नाटकात भूत घरात शिरू नये म्हणून दारावर ‘नाळे बा’, उद्या ये, असं लिहीत, अशी गोष्ट सांगतात. भूत रोज येतं, रोज वाचतं आणि परत जातं. मी ते सांख्यिकीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. नामी उपाय. पुस्तक दर वेळी मला बघून परत जायचं. अगदीच मुहूर्त हवा असेल तर २९ जून घ्या. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा जन्मदिवस, राष्ट्रीय सांख्यिकी दिन. तोवर पेपर होऊन गेलेला असतो.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा, ती म्हणजे पाणी. माझ्या दुसऱ्या खेपेला सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं. सत्तावीस एप्रिलला सकाळी पेपर. आदल्या रात्री रात्रभराच्या बैठकीला दहाला बसलो आणि साडेदहाला आडवा झालो. अडीचला आईने हलवलं, “ऊठ, पाणी आलंय.” नऊ दिवसांनी आलेलं पाणी. तिथं पेपरबिपर कोण ऐकतो? मोटर लावली, पाइप बॅरलमध्ये सोडला आणि स्वयंपाकघराच्या दारात धरून उभा राहिलो. समोर आजीचं कॅलेंडर. बॅरल भरायला वीसेक मिनिटं, मोबाइल चार्जिंगला. करायला दुसरं काहीच नाही, ही फार वाईट अवस्था असते.

गोल दिसत होते. २, ५, ९, १३, १८ आणि आज २७. उगाच अंतरं मोजली. तीन, चार, चार, पाच, नऊ. बेरीज पंचवीस, सरासरी पाच. म्हणजे ते ‘चार दिवसाला’ म्हणतात ते अगदीच खोटं नव्हतं, मध्यक चार, बहुलकही चार. त्या नवाने सरासरी ओढून पाचावर नेलेली. फ्रिजवरचा चार्ट काढला, मागची बाजू कोरी होती, भिंतीला टेकवून लिहिलं. पाचातून प्रत्येकाचा फरक: वजा दोन, वजा एक, वजा एक, शून्य, अधिक चार. वर्ग केले, बेरीज बावीस. पाचाने भागायला गेलो आणि अडलो. पुस्तकात कुठंतरी चाराने भागलं होतं. का? फरकांकडे पुन्हा बघितलं. त्यांची बेरीज कायम शून्यच येणार. म्हणजे चार फरक कळले की पाचव्याला मर्जी उरत नाही. पंगतीत चार भावंडं हवी तिथं बसली, पाचव्याला उरलेल्या पाटावर बसावं लागतं. खरे मोकळे चारच, म्हणून चाराने भागायचं. साडेपाच. वर्गमूळ २.३५ च्या आसपास, हेच ते केशरी रंगातलं विचलन.

दोन वर्षं जे डोक्यात शिरलं नव्हतं ते पाइप धरून उभ्याउभ्या शिरलं. चार्टच्या रंगीत बाजूला यातलं एक अक्षर नव्हतं. पाणी पार चपलांपर्यंत आलं होतं आणि आई ओरडत होती, “अरे बॅरल भरून वाहलालंय, कुठं बघूलालास?”

आवाजाने आजी उठून आली. पेन्सिल शोधली आणि सत्तावीसभोवती गोल काढला. मी ऐटीत म्हणालो, “आजी, आता पुढचं पाणी पाच दिवसांनी. दोन-सव्वादोन दिवस इकडं-तिकडं.”

“ते मला बी ठाव हाय,” आजी म्हणाली. “कळशी धर आधी.”