फिलरचा हिशेब

पुतणीच्या लग्नाच्या डेकोरेशनचे कोटेशन वाचताना डच गुलाब, जर्बेरा आणि कार्नेशनपर्यंत माझी मान डोलत होती. खाली ‘फिलर’ या नोंदीपुढचा आकडा पाहून मात्र ती जागीच थांबली. ‘‘काका, गुलाब उठून दिसायचा असेल, तर मधल्या जागा भरायला काहीतरी लागतेच,’’ असे डेकोरेटरने सौम्यपणे समजावले. त्यावर फिलर आपणच आणू, असे दादाने परस्पर जाहीर केले आणि ‘आपण’ म्हणजे नेहमीप्रमाणे मी, हे न बोलता ठरले.

पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात झेंडू किलोवर आणि डच गुलाब वीस नगांच्या गड्डीत मिळत होते. फिलर म्हणून मला हवा होता जिप्सोफिला, म्हणजे बारीक पांढऱ्या फुलांच्या काड्या. त्याच्या एकेका काडीला इतके फाटे असतात, की एक जुडी उचलावी तर शेजारच्या दोन जुड्या आणि माझ्या स्वेटरचा धागा तिच्यासोबत निघत असे. मोहरीएवढ्या त्या शुभ्र कळ्या छायाचित्रात कितीही सोज्ज्वळ दिसल्या, तरी बंद मोटारीत त्यांना जो आंबूस दर्प येतो, त्याविषयी लग्नाच्या अल्बममध्ये काहीच कळत नाही. आईच्या वेणीत अबोलीच्या मधून मरवा असे. तोही जागा भरायलाच होता, पण निदान सुवासिक होता.

कार्यालयात पोचल्यावर फुले खोचायचा हिरवा स्पंज भिजवण्याचे काम मी उत्साहाने हाती घेतले, तोच डेकोरेटरचा पोऱ्या ओरडला, ‘‘दाबू नका, काका!’’ तो पाण्यावर नुसता सोडून आपोआप बुडू द्यायचा असतो, कारण दाबल्यास आत हवा अडकून मधला भाग कोरडा राहतो आणि त्यात खोचलेले फूल मुहूर्ताआधीच मान टाकते. पुढे आधी पाने, मग गुलाब आणि जिथे स्पंज डोकावेल तिथे जिप्सो, असा क्रम सुरू झाला. आमच्या दाराच्या तोरणात हेच काम आंब्याची पाने पिढ्यान्‌पिढ्या फुकट करीत आली आहेत, हे मी त्या पोऱ्याला ऐकवले; त्याने मला खुर्ची दिली.

लग्न थाटात झाले. दुसऱ्या दिवशी आलेल्या अंतिम बिलात मात्र फिलर पुन्हा होतेच: ‘काकांनी आणलेले फिलर कमी पडल्यामुळे वरून लावलेला झेंडू, वेगळा आकार.’