शांघायला निघालात? आधी ओटीपी बघा

चीनला जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे सल्ल्यांचा तुटवडा नसतो, फक्त ते सगळे खाण्याबद्दल असतात. "तिकडे काहीही खातात हं!" हे सांगायला शेजारच्या काकू खास जिना चढून आल्या होत्या. काकूंची परदेशवारी पशुपतिनाथापाशी संपते. शांघायमध्ये माणूस उपाशी राहतो खरा, पण कारण वेगळंच असतं. समोर वाफाळतं मक्याचं कणीस असतं, आपल्या हातात शंभर युआनची करकरीत नोट असते आणि ती नोट बघून कणीसवाल्या बाईंचा चेहरा पडतो. नोट नाकारायची नाही असा तिथे कायदा आहे, पण सुटे द्यायला बाईंकडे सुटे हवेत ना! त्या गाडीला टांगलेल्या क्यूआर कोडकडे बोट दाखवतात. आपण नोट दाखवतो. बराच वेळ दोन्ही बाजूंनी नुसतं दाखवणंच चालतं आणि कणीस गार होतं.

"आमच्याकडे शहाळंवालासुद्धा यूपीआय घेतो," हे वाक्य मी विमानात घोकून ठेवलं होतं. ऐकवायला कोणी सापडलं नाही. तिथली माणसं या बाबतीत आपल्याहून आधीच बिघडलेली आहेत आणि आपलं यूपीआय तिथे चालत नाही. चालतं ते अलीपे आणि वीचॅट. दोन्हींना आता परदेशी व्हिसा, मास्टरकार्ड जोडता येतं. पण हे जोडकाम घरी, चहा पीत करा. पासपोर्टचा फोटो लागतो, स्वतःचाही लागतो. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड परदेशातल्या व्यवहारांसाठी बंदच येतं, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन उघडावं लागतं. सर्वात मोठं विघ्न म्हणजे ओटीपी. तो येतो भारतातल्या नंबरावर आणि आपण असतो पूडोंग विमानतळावर, रोमिंगशिवाय. एक गृहस्थ तिथल्या खांबाला टेकून आपल्या बँकेशी बोलताना मी पाहिले. पलीकडून मराठीसाठी कितीचं बटण दाबायचं तेच सांगणं चालू असावं, कारण ते अधूनमधून नुसतेच फोनवर बोट आपटत होते.

अलीपेला परदेशी कार्ड जोडलं की २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यापुढे तीन टक्के. हे हिला कळलं आणि ३६० युआनचा स्कार्फ १८०-१८० अशा दोन हप्त्यांत घेतला गेला. दुकानदाराने आधी हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं.

तर फोन. हॉटेलचा पत्ता त्यात, मेट्रोचं तिकीट त्यात, नकाशा त्यात, पैसे त्यात, दुभाष्याही त्यातच. टॅक्सीवाल्याला इंग्रजी येत नाही, त्यामुळे चिनी लिपीतला पत्ता त्याला फोनवरच दाखवायचा. बॅटरी अकरा टक्क्यांवर आली की माझ्या छातीत धडधडायला लागायचं. भाड्याच्या पॉवर बँक दुकानोदुकानी मिळतात, सोय उत्तम आहे. फक्त ती पॉवर बँक सोडवायला आपल्या फोनने कोड स्कॅन करावा लागतो. फोन मेला असेल तर तो जिवंत करायला आधी तो जिवंत हवा! हे ज्याने शोधून काढलं त्याचा हात धरील असा बाबू आपल्या कुठल्याही कचेरीत नसेल. म्हणून पॉवर बँक स्वतःची न्या. देशांतर्गत विमानात बसणार असाल तर तिच्यावर चिनी ३सी शिक्का, म्हणजे तिथला सुरक्षिततेचा दाखला, आहे ना बघा, तो नसेल तर जून २०२५ पासून ती विमानात नेऊ देत नाहीत. आणि हॉटेलच्या नावाचं चिनी कार्ड खिशात असू द्या. एवढा एकच कागद तिथे उपयोगी पडतो.

हॉटेलच्या वायफायवर गूगल, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप बंद. भारतातल्या सिमचं रोमिंग घेतलंत तर सगळं चालतं. घ्यायचं की नाही हे तुमच्या घरच्या ग्रुपवर रोज किती सुप्रभात येतात त्यावर ठरवा. माझ्या ओळखीत केवळ तेवढ्यासाठी चीनला जाऊ शकतील अशी माणसं आहेत.

पूडोंगहून शहरात यायला मॅग्लेव्ह आहे. रुळाला न टेकता, चुंबकावर तरंगत जाते. २००४ पासून प्रवासी नेते आहे. एके काळी ताशी ४३१ किलोमीटरने जायची, अलीकडे तिला ३०० वर आणलंय. तीस किलोमीटर आठेक मिनिटांत संपतात. खिडकीतून काही दिसायच्या आत ती आपल्याला लोंगयांग रोड स्टेशनावर सोडते आणि तिथून पुढे आपण, आपल्या बॅगा आणि मेट्रो. मेट्रोच्या दारात बॅगा यंत्रातून जातात, प्रत्येक स्टेशनात, प्रत्येक वेळी. बाटलीतलं पाणी कधीकधी पिऊन दाखवायला सांगतात. मी रोज इतकं पाणी प्यायलो की सार्वजनिक स्वच्छतागृहांचाही चांगला अभ्यास झाला. ती मुबलक आहेत, बरीचशी भारतीय बैठकीची आहेत, कागद मात्र आपला आपण न्यायचा.

खाणं. बऱ्याच हॉटेलांत टेबलावरचा कोड स्कॅन करून फोनवरच मागवायचं असतं, वेटर फक्त ताटली आणून ठेवतो. "अहो, जरा तिखट कमी" हे सांगायला माणूसच नाही. शाकाहाऱ्यांनी टोफू दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. मापो टोफूत बहुधा खिमा असतो. नानजिंग रोडवर गोंगडेलिन नावाचं १९२२ सालचं शुद्ध शाकाहारी हॉटेल आहे, तिथे गेलो. ताटलीत बदक आलं. कातडीचा रंग, कापांची ठेवण, सगळं बदकाचं, केलेलं मात्र सोयाबीनच्या सायीचं. पण गुरुवार असल्यामुळे हिने त्याला हात लावला नाही. "असेल शाकाहारी, पण दिसतंय ना?" मी दोन्ही ताटल्या संपवल्या. बाकी गरम पाणी स्टेशनात, रेल्वेत, सगळीकडे फुकट मिळतं, तेव्हा झटपट पोह्यांची पाकिटं न्याच.

नानजिंग रोडवर चांगलं इंग्रजी बोलणारी मुलंमुली "फोटो काढता का?" म्हणत आली आणि मग चहाच्या समारंभाला बोलावू लागली तर हात जोडून सुटा. तो चहा शेकड्यांनी युआन घेतो.

घासाघीस करायची तर सायन्स अँड टेक्नॉलॉजी म्युझियम स्टेशनाच्या पोटातला बाजार गाठा. तिथे बोलायचं नसतं. विक्रेती कॅल्क्युलेटरवर आकडा दाबते, तुम्ही तो पुसून तुमचा दाबायचा. तुळशीबागेत घडलेली ही माझी बायको एकही शब्द न बोलता ४८० वरून ७० वर आली. मध्येच विक्रेतीने अंगठा आणि तर्जनी पिस्तुलागत रोखली तेव्हा मी पाकीट काढून देणार होतो. ते आठ निघालं. ऐंशीला देते, म्हणत होती.

शनिवार-रविवार दुपारी पीपल्स पार्कात लग्नाचा बाजार भरतो. उघड्या छत्र्या जमिनीवर ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर एक कागद, जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, शहरात घर आहे की नाही. मागे स्टुलावर आईबाप. मुलं-मुली मात्र जागेवर नसतात. फोटो काढलेला कोणाला आवडत नाही, पण वाचायला मनाई नाही. फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करत ही पहिल्या छत्रीपासून शेवटच्या छत्रीपर्यंत गेली. माझी बॅटरी नऊ टक्के.

"अहो, हा बघा. एक मीटर ब्याऐंशी, स्वतःचं घर, अमेरिकेत."

"अगं पण आपल्याला कशाला?"

तोवर एका मावशींनी स्वतःचा फोन पुढे केला. त्यावर प्रश्न होता, तुमची घरं किती? हिने लिहिलं, एक, कर्ज चालू आहे. मावशींनी ते वाचलं, मला नखशिखांत न्याहाळलं आणि हिच्या खांद्यावर हात ठेवला.

तुम्ही जाल तेव्हा अविवाहित भाचा सोबत असेल, तर त्याचा पगार आधी विचारून ठेवा.