पळणारे भरपूर आहेत ओ, उभं राहणारे कुठं आहेत?

मुंबई मॅरेथॉन करून बेळगावात परत आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग, कितवा नंबर आला?" आणि मी खरा आकडा सांगितला की समोरच्याचं तोंड असं होतं की बिचाऱ्याला वाटतंय आपण उगाच विचारलं. आता ह्यांना कसं सांगायचं की बाबांनो नंबराचा विषयच नाही तिथं. पहिल्या येणाऱ्यांची गोष्टच वेगळी, २०२३ ला इथिओपियाच्या हायले लेमीनं ४२.१९५ किलोमीटर २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदात मारलं. ही मंडळी आपण सुटल्यावर दोन-अडीच तासांनी सुटतात आणि माझ्यासारख्यांच्या आधी पोचून मोकळी होतात. आपण त्यांच्याशी कशाला स्पर्धा करायची, आपण आपलं धडपणी पोचलो म्हणजे मिळवली.

दुसरा प्रश्न घरचा. आमच्या आईचा. "एवढा खर्च करून पळायला मुंबईला कशाला जायचं, हितं काय रस्ते नाहीत?" आणि खरं सांगू, प्रश्न बरोबर आहे. एंट्री फी, जाऊन-येऊन स्लीपरचं तिकीट, राहायचं, वर बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, घ्यायला आदल्या दिवसापर्यंत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) एक्स्पोत स्वतः जावं लागतंय, रेसच्या दिवशी सकाळी देत नाहीत, म्हणजे शुक्रवारी रात्री गाडीत बसा, शनिवारी ते बिब घ्या, शनिवारी रात्री झोप कसली लागतीय, पहाटे अडीच-तीनला उठून बसायचं, रविवारी पळायचं आणि रात्री परत गाडी धरून सोमवारी उद्यमबागला ड्युटीवर हजर. पाय वाकत नसतात, फौंड्रीच्या पायऱ्या उलट्या उतरायला लागतात, पोरं हसतात. बेचाळीस किलोमीटर तर हितंबी आहेत. घरातनं निघून हिंडलगा, सुळगा, उचगाव करून फिरत बसलं की झालं की, एक रुपया लागत नाही.

तर मग काय आहे मुंबईत? मी बरंच डोकं खाजवलं ह्यावर आणि मला एकच उत्तर सापडलंय. रस्त्याच्या कडेला उभी राहणारी माणसं. बाकी सगळं बेळगावात आहे, तेवढी माणसं नाहीत.

म्हणजे बघा. सुरुवात सीएसएमटीला, अंधारात. सगळीकडं बामचा वास, टॉयलेटपुढं लाईन, कोण वॅसलीन फासतोय कोण सेल्फी काढतोय. जानेवारीचा तिसरा रविवार, म्हणजे आपल्याकडं पहाटे स्वेटर घालून बाहेर पडायचे दिवस, आणि तिथं उभ्या उभ्या घाम. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर, हवा गार आणि त्यामानानं कोरडी, त्यामुळं इथं तयारी केलेल्या माणसाला मुंबईत पहिल्या दहा किलोमीटरातच ओल्या चादरीत गुंडाळल्यागत वाटायला लागतंय. घाम येतो खरा पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, म्हणून हितला पेस, म्हणजे पळायचा वेग, तिथं चालत नाही. किलोमीटरमागं निदान पंधरा-वीस सेकंद सोडून द्यायचे, आणि त्यात कमीपणा वाटून घ्यायचा नाही. नवीन जाणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा.

मग येतो वांद्रे-वरळी सी लिंक. सगळ्यांना त्याचंच कौतुक, फोटो पण तिथलाच टाकतात, कारण एरवी तिथं चालत जायला परवानगी नाही, टू-व्हीलरबी सोडत नाहीत. साडेपाच किलोमीटरचा पूल, दोन्ही बाजूला समुद्र, वर वारा. फोटोला भारी आहे, मान्य. पण मला विचाराल तर आख्ख्या मॅरेथॉनमधला सगळ्यात कंटाळवाणा पट्टा तोच. कारण पब्लिक नाही! पुलावर बघणाऱ्यांना सोडत नाहीत, त्यामुळं नुसते बुटांचे आवाज आणि श्वास. हजारो माणसं सोबत पळालीत तरी एकटं वाटतंय. आणि तिथनं खाली उतरून वांद्र्याकडनं माहीमला आलं की एकदम पब्लिक लागतंय.

माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी. हा पट्टा ज्यानं पळालाय त्यालाच कळेल मी काय म्हणतोय. सकाळचे आठ-साडेआठ वाजलेले, रविवार, लोकांनी झोपायचं सोडून आख्खी घरंच्या घरं रस्त्यावर आणलेली. ढोल-ताशा, थाळ्या, बिस्किटं, संत्र्याच्या फोडी. एक आजी होत्या, नऊवारी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या, मांडीवर स्टीलचा डबा. संक्रांत नुकतीच झालेली, डब्यात तिळाच्या वड्या. पण मजा ती नाही, डब्याच्या झाकणात त्यांनी मीठ काढून ठेवलेलं. वडी घेतली की म्हणायच्या "थांब, हात कर" आणि चिमूटभर मीठ तळहातावर. त्यांना कुणी सांगितलं असेल की एवढा घाम गेल्यावर मीठ लागतंय म्हणून? दरवर्षी बसत असणार त्या तिथं. मी चाटलं ते मीठ, आणि पुढं दोन किलोमीटर काय गेलोय सांगू.

बिबवर आपलं नाव छापलेलं असतंय, ते वाचून लोक हाक मारतात. ओळख ना पाळख, कोण शाळेतली पोरगी ओरडते "कमॉन अमुक काका" आणि अंगावर काटा येतोय राव. मी टी-शर्टवर पाठीमागं बेळगाव छापून घेतलेलं. दादरच्या बाजूला एक काकांनी ते वाचलं आणि सुरूच झाले, "बेळगाव-कारवार-निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि माझ्याकडं बघून थांबले, पुढचं मी म्हणायचं अशी अपेक्षा! काका, एवढे किलोमीटर झालेत, आधी पेडर रोडचा चढ चढू दे, मग सीमाप्रश्न बघू. गंमत म्हणजे माझ्यासोबत पळत होता तो आमच्या गल्लीतलाच कानडी मित्र, तो हसून हसून थांबला आणि पेडर रोडला मी जवळजवळ चालायला लागलेलो तेव्हा मागनं हाच ओरडत होता, "ओड्री, ओड्री, निंतकोबॅड्री!" म्हणजे पळा, पळा, थांबू नका. त्या चढावर भाषा कुठली हे बघायला कुणाला वेळ असतोय.

पेडर रोड परतीला येतो, पस्तीस-छत्तीसच्या पुढं. एरवी तो चढ म्हणजे काहीच नाही, आपल्या राजहंसगडापुढं तर किस झाडकी पत्ती. पण तोवर शरीरातली साठवलेली साखर संपलेली असती. स्नायू आणि लिव्हरमध्ये जेवढं ग्लायकोजन मावतंय ते साधारण तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरपर्यंत पुरतंय, नंतर शरीर चरबीवर चालायला लागतंय आणि ते काम संथ. ह्यालाच पळणारे "वॉल लागली" म्हणतात. पाय आपले राहत नाहीत, डोकं फिरतंय, रडायलाबी येतंय, मोठमोठ्या माणसांना रडताना बघितलंय. आणि तिथं पोरं हातात चॉकलेट घेऊन उभी असतात, कोण पायावर स्प्रे मारतोय, कोण नुसतंच "जबरदस्त, सोडू नका" म्हणतोय. ट्रेनिंग कितीबी करा, तिथनं पुढं ही माणसंच नेतात.

आता बेळगावात या.

पहाटे पाचला वॅक्सिन डेपोला नाहीतर हिंडलग्याच्या रस्त्याला जाऊन बघा कधी. सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं. उचगाव, सुळगा, बेळगुंदी, कंग्राळी, येळ्ळूर, सगळीकडनं. कोण फाटक्या बुटात, कोण अनवाणी. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत बसवायचं हे एकच डोक्यात. म्हणजे किलोमीटर साडेतीन मिनिटांच्या आत, लक्षात घ्या, मुंबईत महागडे बूट घालून पळणाऱ्या आमच्यातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना तो पेस एक किलोमीटर पण झेपायचा नाही. पण ही पोरं कुणाला रनर वाटत नाहीत. त्यांना बघायला कोण उभं राहत नाही. टिप्परवाले हाय बीम मारून अंगावरनं जातात, कुत्री लागतात मागं, आणि दूध घालायला निघालेला एखादा ओरडतो, "काय रे, पोलीस लागलाय काय मागं?" सहा महिने-वर्षभर अशी पळतात, वय संपलं की एक दिवस यायची बंद होतात. भरती झाली की हार घालायला गाव येतंय, पण पळत होता तेव्हा पाण्याचा तांब्या कुणी दिला नाही.

आणि हे आजचं नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला मॅरेथॉन पळायला भारतातनं जे गेले त्यात आपल्या बेळगावचा पोरगा होता, फडेप्पा दरेप्पा चौगुले. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटर, आणि ह्या माणसानं ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदात संपवून एकोणिसावा नंबर काढला. हिशोब करा, किलोमीटरला चार मिनिटं. शंभर वर्षांपूर्वी. ना पळताना खायचं साखरेचं जेल, ना घड्याळ, ना कार्बन प्लेटचा बूट. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत १९१९ साली खेड्यापाड्यातली पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी बघितली, त्यांच्या मनात आलं की ही पोरं ऑलिम्पिकला का जाऊ नयेत, आणि त्यांनी ते जमवून आणलं. बघणारा एक माणूस होता म्हणून झालं ते! आज मुंबईच्या मॅरेथॉनला नाव टाटांचंच आहे, २०१८ पासून, आणि बिब घ्यायच्या लाईनीत उभा राहिलो की मला हटकून चौगुले आठवतात. आपल्या पोरांना शाळेत हे नाव कोण सांगतंय का सांगा बघू.

हां, आता कोण म्हणेल आपल्याकडच्या लोकांना असलं वेड नाही. खोटं आहे ते. शिवजयंतीच्या चित्ररथाला रात्रभर कोण उभं राहतंय? पहाटेपर्यंत लेकरं खांद्यावर घेऊन उभी असतात माणसं, कडेला सरबत, पाणी, कुठं चहा. गणपती विसर्जनाला दुसरा दिवस उजाडतोय तरी गर्दी हलत नाही. पंढरीची दिंडी गावात येऊ दे, झुणका-भाकर खाल्ल्याशिवाय सोडत नाही एक घर, पाय चेपून देतात वारकऱ्याचे. म्हणजे उभं राहायचं कसं हे मुंबईवाल्यांनी आपल्याला शिकवायची गरज नाहीच. फक्त पळणाऱ्या माणसाला आपण त्यात धरत नाही. गावात कुठली रन असली की सर्कलला अडकलेला बाईकवाला हॉर्न दाबून धरतो, आणि एका मोठ्या चौकात तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, "ह्यांना कामधंदा नाही काय."

त्याचंबी थोडं खरं आहे म्हणा. रविवारी रस्ता बंद केला की भाजीवालीचा खोळंबा होतो, दवाखान्यात जाणाऱ्याचा होतो. आणि पळण्याचं जे काय सोशल मीडियावर चाललंय ते बघून माणूस वैतागणारच, पाच किलोमीटर पळून पन्नास फोटो. दुसऱ्याच्या बिबवर पळणारे महाभाग तर वेगळेच, अरे बाबा तिथं चक्कर येऊन पडलास तर डॉक्टर दुसऱ्याच्याच घरी फोन लावतील की. पण ह्या सगळ्याची शिक्षा त्या भरतीच्या पोराला कशाला? त्यानं कुठं रस्ता बंद केलाय?

तर मुद्द्याचं. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला आमची दहा-बारा मंडळी आणि भरतीची पोरं मिळून हिंडलगा-सुळगा-उचगाव रस्त्यानं लांबचं पळायला जाणार आहोत, जाऊन-येऊन. ह्या रस्त्यावर ज्यांची घरं आहेत त्यांना सांगणं आहे, दारात या. काय मोठं करायचं नाही. एक कळशी पाणी, चार पेले. नुसतं पाणीच ढोसायला लावू नका, फार साधं पाणी पिऊन अंगातलं मीठ उतरलं तर पळणारा आडवा होतो, त्यामुळं शेजारी चिमूटभर मीठ, लिंबू असलं तर उत्तम. केळी अर्धी कापून, सालासकट, म्हणजे धरायला बरं पडतंय. "थोडंच राहिलंय" असं खोटं सांगू नका, लई राग येतो त्याचा, खरं अंतर सांगा. आणि पोरांची नावं विचारून घ्या, परत येताना नावानं हाक मारा.

केळ्यांचं मी बघतो. खडेबाजारातनं शनिवारी घड आणतोय, कुणाच्या घरी ठेवायचा तेवढं कमेंटमध्ये सांगा. सुळग्यात टेबल लावायला कोण तयार आहे? आणि ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी कृपा करून तेवढा एक तास ते बांधून ठेवा, पोरं आधीच दमलेली असतात.